गाडी विकली, पण बोजा उतरेना

घरातलं सामान कमी करायचं असं आम्ही गेल्या पावसाळ्यात ठरवलं. गोव्यात असले निर्णय जुलैतच होतात. कपाट उघडावं तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, सुटकेसला कुबट वास. मुलं पुण्यात, घरात माणसं दोन आणि उशा चौदा.

कपडे, काचसामान, बंद पडलेले मिक्सर भराभर गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. चवथीची, म्हणजे गणपतीची, मोठी पातेली आणि मूर्तीवर फळंफुलं बांधायची माटोळीची चौकट मात्र मी जागची हलू दिली नाही. वर्षभर हात लावला नाही ती वस्तू काढून टाका, असं हल्ली जो तो सांगतो. आमच्याकडे वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूवाचूनच सगळं अडतं, हे त्या सांगणाऱ्यांना कोण सांगणार!

खरी अडगळ अंगणात होती. मुलांच्या कॉलेजसाठी घेतलेली दुसरी गाडी जांभळाखाली उभी राहून राहून जांभळीच झाली होती. चालवायची नाही, तरी विमा भरा, पीयूसी काढा, बॅटरी बदला, उंदरांनी वायरी कुरतडल्या की मेकॅनिकला बोलवा. आम्हाला पहिली गाडी, कदंबची बस आणि अडीनडीला तिठ्यावरचा पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, एवढं पुरे होतं. गिऱ्हाईक लगेच मिळालं, पलीकडच्या वाड्यावरचाच मुलगा. भाव ठरला. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बाहेर काढली, तर तिच्यावर बँकेचं नाव तसंच.

कर्ज केव्हाच फिटलं होतं. बँकेनं तेव्हा ‘नो ड्यूज’चा कागद दिला आणि ‘झालं तुमचं काम’ म्हणून हात जोडले. काम झालेलं नव्हतं. कर्ज फिटतं ते बँकेच्या वहीत; आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या हक्काची नोंद, वाहतूक खात्याच्या दप्तरात असतो आणि तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ लागतो, दोन प्रतींत, आपल्या आणि बँकेच्या सही-शिक्क्यासह, आणि जोडीला बँकेचं ना हरकत पत्र. हे पत्र जुनं चालत नाही. मुदत साधारण तीन महिने धरतात. म्हणून पत्र हातात आलं की ते चवथ झाल्यावर बघू म्हणून ठेवू नका.

आता बँक. मधल्या काळात ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि आमची शाखा उठली होती. नव्या शाखेतल्या मुलीनं माझा कर्ज खाते क्रमांक टाकला नि म्हणाली, “सिस्टीममध्ये दिसत नाही मॅडम.” मी म्हटलं, “दिसत नाही म्हणजे कर्जच नाही ना? मग तेवढं लिहून द्या.” तर म्हणे, जे दिसत नाही त्याबद्दल लिहून कसं देणार! तिनं दुसऱ्या शाखेत पाठवलं. तिथले म्हणाले, जुन्या फायली परराज्यात कर्ज विभागाकडे गेल्या, मेल टाकलाय. पुढच्या खेपेला साहेब सुटीवर. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब हजर, पण मेल ज्यानं टाकला त्याची बदली. दर वेळी टोकन घ्यायचं, एसीत कुडकुडत बसायचं आणि नव्या माणसाला पहिल्यापासून रामायण सांगायचं.

घरी आले की हे म्हणायचे, “देऊन टाक गं गाडी, कागद होतील मागाहून.” तो मुलगाही म्हणाला, “वहिनी, फॉर्मवर सही करून ठेवा, मी गाडी नेतो.” गावात असे व्यवहार सर्रास चालतात. मी ठाम नाही म्हटलं. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. मधे अपघात झाला तर भरपाईसाठी तुम्हालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हे स्पष्ट सांगितलंय. माझ्या या हट्टाचा मला आजही अभिमान आहे.

शेवटी फॉर्म ३५ सह्या होऊन आला. वाहतूक खात्याच्या काउंटरवरच्या बाईंनी तो नीट वाचला आणि सौम्यपणे परत दिला. आरसीवर जुन्या बँकेचं नाव, शिक्का नव्या बँकेचा. दोन्ही एकच हे दाखवणारा कागद कुठाय? त्यांचं बरोबरच होतं. परत बँकेत. “अहो, विलीनीकरण झालं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे!” ठाऊक आहे ना, मग लेटरहेडवर एक ओळ लिहा. ती ओळ लिहायला कोणी तयार होईना.

मग मी तोंडी बोलणं बंद केलं. सगळ्या फेऱ्या लिहून रीतसर तक्रार दिली आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. लोकपालाकडची तक्रार ऑनलाइन, फुकट करता येते. ती ओळ काही दिवसांतच टाइप होऊन आली! शिक्का तेवढा सहीच्या डोक्यावरच बसला होता, अक्षरं एकात एक. मी तिथंच उभी राहून दुसरा मारून घेतला.

पुढचं सोपं. बोजा उतरला, मग गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. फॉर्मला लागणारी चॅसिस नंबरची (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाची) पेन्सिल प्रिंट मात्र स्वतः काढायला बसू नका. गंजलेल्या आकड्यांवर कागद धरून मी पेन्सिल घासत बसले, दर वेळी तीनाचा आठ. मेकॅनिकनं दोन मिनिटांत स्वच्छ काढून दिली.

ज्यांचं कर्ज अलीकडे फिटलंय त्यांच्यासाठी: १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वैयक्तिक कर्ज (यात गाडीचं कर्जही आलं) पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदलेला बोजा काढायचा; बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. आमचं कर्ज त्याआधीचं, नाहीतर मी हिशोबाची वही उघडली असती.

गाडीची जाहिरात देण्याआधीच एमपरिवहन ॲपवर फायनान्सरचा रकाना बघून घ्या. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, विकणाऱ्याकडेच राहतो, नव्या गाडीला वापरता येतो. मी ते सर्टिफिकेट मागितलं नाही; पुन्हा गाडी घ्यायचीच कुणाला आहे!

आणि हो, गाडी देण्याआधी फास्टॅग बंद करून घ्या, नाहीतर दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जातो. आमचा केला बंद. त्याचं डिपॉझिट तेवढं अजून यायचंय. टॅग त्याच बँकेचा होता.