हेदवीतली वीस मिनिटे

पुण्यात खासगी पशुवैद्यक म्हणून मला बावीस वर्षे झाली आणि या काळात सर्पदंश झालेली अनेक जनावरे माझ्या टेबलावर आली; पण गेल्या फेब्रुवारीत हेदवीला माझ्यासमोर झोपवली गेली ती माझीच कुत्री होती.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मला तीन वर्षे वरिष्ठ असलेले आणि तेव्हापासून सगळ्यांचेच ‘भाऊ’ झालेले माझे मित्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत उभी नोकरी करून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि हेदवीजवळच्या वडिलोपार्जित घरी राहू लागले. त्यांना भेटायचे, मग किनाऱ्याने खाली रत्नागिरीपर्यंत जायचे, असे ठरवून मी तांबूला मागच्या सीटवर बसवून निघालो. ताम्हिणी उतरून दापोलीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवली, म्हणजे वाशिष्ठीची खाडी ओलांडून थेट धोपाव्याला उतरता येते आणि चिपळूणचा वळसा वाचतो. चार वाजता आम्ही भाऊंच्या खळ्यात होतो.

भाऊंच्या घरामागे पोफळींचे आगर आहे आणि आगराच्या पलीकडे जांभ्याच्या दगडांचा जुना गडगा. काळोख पडताना तांबू त्या गडग्याकडे हुंगत गेली, एकदाच केकाटली आणि उजवा पुढचा पाय उचलून धरत लंगडत परत आली. भाऊंनी टॉर्च मारला. दगडांच्या फटीपाशी हातभर लांबीचे फुरसे वेटोळ्यावर वेटोळे घासत बसले होते आणि कोरडे लाकूड कापताना करवतीचा येतो तसा आवाज त्या घर्षणातून येत होता. डोक्यावरची पक्ष्याच्या पावलासारखी पांढरट खूण मी नीट पाहिली. ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारचा मुलगा पायाला दोरी आवळून बांधायला धावला. भाऊंनी त्याला थांबवले, कारण फुरशाच्या दंशाने आधीच सुजणारा पाय आवळला, तर विष थांबत नाही, उलट पायच गमावण्याची वेळ येते.

“तिला चालवू नकोस, उचलून घे,” ते मला म्हणाले.

पडवीतल्या बाकावर तिला निजवले तेव्हा पंजावर टाचणीने टोचावे तसे दोन ठिपके होते आणि त्यांतून पातळ रक्त पाझरत होते. बोळा दाबून धरला की थांबल्यासारखे वाटे, उचलला की पुन्हा सुरू. फुरशाचे विष रक्तातले गोठवणारे घटक खर्चून टाकते. मग हिरड्यांतून, लघवीतून, आतल्या आत कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. हे मी किती तरी मालकांना समजावून सांगितले आहे. त्या संध्याकाळी मात्र तांबूच्या पायाची शीर मला दोनदा सापडली नाही. माझे हात थरथरत होते.

“तू आत्ता डॉक्टर नाहीस, मालक आहेस. डोके धर तिचे,” असे म्हणून भाऊंनी माझ्या हातातली सिरिंज घेतली आणि पहिल्याच प्रयत्नात दोन मिलिलिटर रक्त काढले.

ते गोठते का हे पाहण्यासाठी त्यांनी ते रक्त काचेच्या नळीत सोडले. नळी कोरी आणि कोरडी होती, कारण साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही नीट गोठत नाही आणि परीक्षा फसते. नळी खिडकीत उभी केली आणि घड्याळ पाहिले : सात पन्नास. वीस मिनिटे तिला हात लावायचा नव्हता. वहिनींनी चहा आणला, तो तसाच राहिला. आठ दहाला भाऊंनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखे काठापर्यंत वाहत आले.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणाऱ्या प्रतिविषाच्या दोन कुप्या त्यांच्या कपाटात होत्या. निवृत्तीनंतरही गावातली माणसे रात्रीबेरात्री जनावर घेऊन त्यांच्याच दारी येतात, म्हणून ते स्वतःच्या पैशाने त्या आणून ठेवतात. घोड्याच्या रक्तापासून बनवलेली ती भुकटी प्रत्येकी दहा मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवायची असते. कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून भाऊ ती दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवत राहिले. तांबू अठरा किलोची असली तरी कमी औषधाने भागत नाही, कारण मात्रा शिरलेल्या विषावर ठरते, रुग्णाच्या वजनावर नव्हे. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी आली तर हाताशी असावे म्हणून ॲड्रिनलिन भरून ठेवले आणि सलाइनमधून तासाभरात दोन्ही कुप्या सोडल्या. तो सगळा वेळ मी तिच्या हिरड्या आणि श्वास पाहत होतो, आणि भाऊ जुन्या सवयीने वहीत वेळा नोंदवत होते.

प्रतिविष विषाला निकामी करते, पण खर्ची पडलेले घटक यकृताने पुन्हा तयार करायला सुमारे सहा तास लागतात, म्हणून दुसरी नळी पहाटे साडेतीनला भरली. तोवर आम्ही दोघेही आडवे झालो नव्हतो. परळच्या दिवसांविषयी बोलण्यासाठी आलेलो मी, आणि रात्रभर आमचे बोलणे नाडी, सूज आणि लघवीचा रंग यांपलीकडे गेले नाही. या वेळी नळी मी तिरकी केली. रक्ताची गुठळी तळाशी घट्ट बसून राहिली. पंजातले पाझरणेही तोवर थांबले होते.

पुढे जाण्याचा बेत सोडून मी तीन दिवस हेदवीलाच राहिलो. सूज कोपरापर्यंत चढून मग उतरू लागली, लघवी स्वच्छ राहिली आणि तिसऱ्या दिवशी तांबूने वहिनींच्या हातची पेज वाटीभर खाल्ली. भाऊंनी कुप्यांचे पैसे घेतले नाहीत, म्हणून पुण्याला पोचल्यावर मी चार कुप्या आणि कोऱ्या काचेच्या नळ्यांचा एक डबा त्यांच्याकडे पाठवून दिला.