विजापूर, सायकलवरून

आज विजापूर सायकलवर पालथं घातलं. गाव सपाट, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही. छळलं ते उन्हाने आणि रिक्षांच्या हॉर्नने. गोलघुमटात वरच्या सज्जात सहलीची पोरं एवढी किंचाळत होती की पलीकडची कुजबुज ऐकायची राहूनच गेली.

मी रमले ती पश्चिमेच्या तटावर, मुलुखमैदान तोफेपाशी. ही मूळची आपल्याकडची बरं का! १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये इथे आली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा वासलेला जबडा, त्यात चिरडला जाणारा हत्ती. हे धूड तेव्हाच्या वाटांवरून आणलं कसं असेल? मला पाठीवरची सॅक जड झाली होती! भर उन्हातही तोफेला हात लावला तर ती गार लागते म्हणतात. पण कठड्यापलीकडे हात पोचेना, आणि रखवालदाराची नजर होतीच.

तिथून चार पायडल मारले की इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. दगडी जाळीत चक्क अक्षरं कोरलीत. गोलघुमट थोरला खरा, पण देखणा हाच, माझ्यापुरता तरी निकाल लागला. बारा कमान उद्या सकाळी. आता ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि झोप.