आदिवासी महिलांचे शिक्षण आणि लहान संस्थांना द्यायची साथ

आदिवासी महिलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एका लहान संस्थेला मी दरमहा देणगी देते. एवढ्या नावाजलेल्या संस्था असताना हीच का निवडली, असे अनेकजण विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

२०११च्या जनगणनेत भारतातील अनुसूचित जमातींच्या महिलांच्या साक्षरतेचे प्रमाण ४९.४ टक्के नोंदले गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक महिला निरक्षर होत्या. आदिवासी समाजांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ सालच्या जाहीरनाम्यातील चौदाव्या कलमाने या समाजांना स्वतःच्या भाषेत शिक्षण देणाऱ्या व्यवस्था उभारण्याचा आणि त्या स्वतः चालवण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र दिवसभर राबून संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या बाईपर्यंत हा हक्क पोहोचवायचा, तर तिच्या वस्तीत, तिला सवड असेल त्या वेळी आणि तिच्या बोलीत वर्ग भरवावा लागतो. लहान संस्थेला हे जमते, कारण तिथे शिकवणारी मुलगी बहुधा त्याच वस्तीतली असते आणि पेरणीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवायचा की उशिरा भरवायचा, हे शिकणाऱ्या बायकाच ठरवतात.

अशा वर्गात मांडीवर तान्हे मूल घेऊन बसलेली बाई सुरुवातीला पेन इतके दाबून धरते की वहीचा कागद फाटतो. पुढे तीच बाई मजुरीच्या हजेरीपत्रकावर सही करण्याआधी कामाचे दिवस मोजते आणि एखादा दिवस कमी भरला, तर मुकादमाला तिथल्या तिथे जाब विचारते. शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना मी नेहमी या हजेरीपत्रकाबद्दल सांगते.

या कामात पैसा मोठ्या गोष्टींसाठी क्वचितच अडतो. परीक्षा केंद्रापर्यंतचे बसभाडे, परीक्षेचे शुल्क, वर्ग चालू असताना मुले सांभाळणाऱ्या बाईचे मानधन, असे हे खर्च असतात. बरेचसे अनुदान ठरावीक मुदतीच्या प्रकल्पासाठी मिळते आणि त्यात कार्यकर्त्यांच्या मानधनाला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लागते. मला हे फार अन्यायाचे वाटते, कारण शिकवणारी मुलगी पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेली की वर्ग तिथेच थांबतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की देणगी थोडी असली तरी चालेल, पण ती नियमित आणि विनाअट असावी. संस्थेकडे लेखापरीक्षित हिशेब जरूर मागावा आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात त्या समाजाच्या किती महिला आहेत, हेही विचारावे. शिकणाऱ्या बायकांची छायाचित्रे मात्र मागू नयेत. देणगीच्या मोबदल्यात त्यांनी आपला चेहरा का द्यावा?