कपाशीच्या मुलखातली परसबाग

वर्ध्याहून निघालेली यवतमाळची एसटी देवळी मागे टाकते, तशी खिडकीबाहेर दोनच पिकं उरतात. कपाशी आणि सोयाबीन. पोळा होऊन गेला होता. सोयाबीन पिवळं पडत होतं, कपाशी पात्या-फुलांवर आलेली, मधूनच एखादं तुरीचं तास. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. कळंबच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून मी ऑटोने गावात गेले.

वाटेत सेवाग्रामला थांबले होते. गांधीजी तिथे राहायला आले १९३६ मध्ये. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून ‘नई तालीम’चा विचार पुढे आला. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिचा गाभा. कापूस, चरखा, मातीकाम, शेती, सगळं अभ्यासाचा भाग. म्हणूनच कळंबकडच्या या जिल्हा परिषद शाळेची परसबाग मला बघायची होती.

शाळेआधी किराणा दुकान लागलं. आलू, कांदे, लसूण, बिस्किटं, दहा-दहा रुपयांच्या वेफर्सच्या माळा. हिरवं म्हणावं असं काहीच नव्हतं. ओट्यावर बसलेल्या काकूंना विचारलं, भाजी कुठून आणता?

“बजाराच्या दिशी न् दुसऱ्या दिशी भाजी. मंग काय, आलू न् वरन.”

काकूंचं स्वतःचं वावर आहे, आणि घरात सांबार विकतचा! (सांबार म्हणजे कोथिंबीर.) चहूकडे काळी कसदार माती, पावसाळ्याचे दिवस, आणि ताटात पालेभाजी नाही, हे बघून जीव तुटतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. इकडे पाच जणांच्या घरात एवढी भाजी एका वेळेला शिजत नाही. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी सांगते. त्या आकड्याचा अर्थ मला त्या ओट्यावर कळला.

काकूंच्या सासूबाईंच्या काळात धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी असायची, कपाशीत मूग आणि बरबटी (चवळी) असायची. तांदुळजा आणि चिवळ तर न पेरता उगवायची, निंदणाला गेलेल्या बायका ओटीत भरून आणायच्या. आता तणनाशकाने तणासोबत ही भाजीही जाते. जी उरते, ती फवारणीच्या भीतीने कोणी खुडत नाही. ती भीती खोटी नाही. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते.

शाळेची बाग मागच्या अंगणात आहे. गोल आखणी, मधल्या आळ्यात पपई आणि केळी, भोवती सात वाफे. या रचनेला गंगामा मंडल म्हणतात. आठवड्याच्या वारांसारखे सात वाफे, रोज एकाची तोडणी. हात धुण्याच्या नळाचं पाणी चारीने मधल्या आळ्यात येतं. वर्तुळ पोरांनीच खुंटी आणि दोरीने आखलं. त्रिज्या आणि परीघ त्यांना असा पायाखाली भेटला!

चौथीतली एक मुलगी मला हाताला धरून वांग्याच्या वाफ्यात घेऊन गेली. पान उलटं केलं आणि शिरेजवळचे बारीक हिरवट ठिपके दाखवले. “हा मावा हाये. याच्यावर निंबोळीचा अर्क मारा लागते.” मग दुसरं पान उलटलं. त्यावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा होता. “याले नाही मारा लागत. हा मावा खाते.” मित्रकीड नि शत्रुकीड ओळखून फवारा सोडायचा, ही अक्कल तिला दहाव्या वर्षी आली आहे. मोठ्यांच्या वावरात तिचं कोणी ऐकायला हवं.

तोडलेली भाजी वजनकाट्यावर जाते, वहीत लिहिली जाते आणि मग खिचडीत. त्या दिवशी दोडके आणि मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला होता. खिचडी शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, पोरं आधी पाला वेचून बाजूला ठेवत, आता स्वतः तोडलेला आहे म्हणून खातात. मी जेवले तेव्हा एकाही ताटाच्या कडेला पाला दिसला नाही.

मला इथे सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेळापत्रक. बागेचा तास गणिताच्या तासासारखा लावलेला आहे. परसबाग स्पर्धेपुरती सजवायची आणि परीक्षक गेले की मोकळी सोडायची, असंही मी पाहिलंय. त्यातून फोटो निघतात, भाजी निघत नाही.

अडचणी आहेतच. बकऱ्या, डुकरं, वानरं. कुंपणाला तुराट्या आणि जुन्या साड्या बांधल्यात. पण खरी परीक्षा उन्हाळ्याची. इकडे पारा ४५ च्या घरात जातो, उन्हामुळे शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेर उघडते. तोवर बाग सांभाळणार कोण? बियाण्याची पाकिटं वाटणारे पुष्कळ भेटतात, पाण्याची टाकी आणि कुंपण देणारे थोडे. बियाणं पोरं स्वतःच धरतात. पिकलेली बरबटी आणि भेंडी झाडावरच वाळवून, राख लावून डब्यात ठेवतात.

शाळेच्या मॅडमनी यंदा सुट्टीतले वाफे शाळेशेजारच्या घरांमध्ये वाटून द्यायचं ठरवलंय. पाणी त्यांनी घालायचं, भाजी त्यांनीच खायची. किराणा दुकानाजवळच्या काकूंनी आत्ताच दोन वाफे मागून ठेवलेत, आणि घराच्या न्हाणीमागे आळं करून कोहळ्याचा वेलही लावलाय. दसऱ्यानंतर तिथेच मेथी, पालक आणि सांबार टाकणार आहेत. बी शाळेतूनच येईल.