वेगळेपण आणि सोबत

वादविवाद स्पर्धेत मला ‘व्यक्ती श्रेष्ठ की समाज’ या विषयावर व्यक्तीच्या बाजूने बोलायचे होते, म्हणून आपल्या शाळेतील इंग्रजीच्या बाईंनी मला जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ साली प्रसिद्ध झालेली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी वाचायला दिली. एका जागी त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली होती. नायक विन्स्टन स्मिथ चोरून रोजनिशी लिहू लागतो आणि ती अशा काळाला उद्देशून लिहितो, जेव्हा विचार मुक्त असतील, माणसे एकमेकांपासून वेगळी असतील आणि एकटी राहत नसतील. “यातला शेवटचा भाग कुणाच्या बाजूचा?” एवढेच बाईंनी विचारले. डिस्टोपियन, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या काल्पनिक राज्यांच्या, कादंबऱ्या मी पुढे त्या प्रश्नाच्या आधारानेच वाचत आलो.

या कादंबऱ्यांत समूह व्यक्तीला गिळतो, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते त्यांतील सत्ता खऱ्या समूहालाच आधी मोडून काढते. ऑर्वेल यांच्या कादंबरीतील ओशनिया या राज्यात रोज सगळे एकत्र जमून ठरलेल्या शत्रूच्या नावाने किंचाळतात, परंतु शेजारच्या पार्सन्सला त्याची लहान मुलगीच पकडून देते आणि त्या बापाला तिचा अभिमान वाटतो. विन्स्टनचा छळही, ही शिक्षा मला नको, ज्यूलियाला द्या, असे आपल्या प्रेयसीचे नाव घेऊन तो ओरडतो तेव्हाच थांबतो. सत्ताधारी पक्षाला त्याच्या कबुलीजबाबाने समाधान झाले नव्हते. दोन माणसांमधला तो एक धागा तुटायला हवा होता. गर्दी भरपूर आणि सोबत कुणाचीच नाही, अशी ही अवस्था आहे.

येवगेनी झाम्यातिन या रशियन जहाजबांधणी अभियंत्याने १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी मला या सर्वांत अधिक जवळची वाटते. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. निवेदक डी-५०३ सुरुवातीलाच लिहितो की नृत्य सुंदर असते, कारण त्यातील हालचाल स्वतंत्र नसते. हे वाचताना मला आपल्या मैदानावरची लेझीम आठवली. तिथेही पावले बांधलेलीच होती, हलगीच्या ठेक्याबाहेर कुणी जात नसे, आणि त्या एकतानतेतला आनंद खरा होता, हे मी मनापासून सांगतो. परंतु आमच्यातील एका मुलाला रांगेत उभे राहणे नकोसे झाले, तेव्हा सरांनी त्याच्या गळ्यात हलगी अडकवली आणि नंतर सगळी रांग त्याच्या ठेक्यावर फिरू लागली. झाम्यातिन यांच्या राज्यात अशा मुलासाठी शस्त्रक्रिया आहे. मेंदूतील कल्पनाशक्तीच नष्ट करणारी ती शस्त्रक्रिया अखेर डी-५०३ वरही होते, आणि ज्या स्त्रीवर त्याने प्रेम केले तिचा छळ तो शांतपणे पाहत बसतो.

त्या राज्यात घरे काचेची आहेत आणि पडदा ओढण्याची मुभा फक्त परवान्याच्या वेळेपुरती आहे. आपल्या वडोदऱ्यातही काच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून उभारलेल्या ग्रंथालय चळवळीचे केंद्र असलेल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा, हा तिचा हेतू. एक काच माणसावर नजर ठेवण्यासाठी, दुसरी माणसाला वाचता यावे म्हणून; सार्वजनिक दोन्ही आहेत.

ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये एकांतच संशयास्पद ठरतो, कारण तिथे प्रत्येक जण सर्वांच्या मालकीचा आहे. आयन रँड यांनी ‘अँथम’मध्ये (१९३८) याचे उत्तर म्हणून ‘मी’चा जयघोष केला. तो आवेश प्रामाणिक आहे, पण मला पटत नाही. ज्या भाषेत त्या कादंबरीचा नायक ‘मी’ म्हणतो, तीसुद्धा त्याला इतरांकडूनच मिळालेली असते. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीचा शेवट मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे पुस्तके जाळणाऱ्या शहराबाहेर जुन्या रेल्वेरुळांच्या कडेने भटकणारी माणसे प्रत्येकी एकेक पुस्तक तोंडपाठ करून जपतात. कुणाचे पुस्तक दुसऱ्यासारखे नाही आणि कुणीही ते केवळ स्वतःसाठी जपत नाही. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

या पाचही कादंबऱ्या मी सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुलांनी ‘आम्ही’ आधी वाचावी, अशी माझी विनंती आहे, कारण ऑर्वेल यांनी स्वतः १९४६ साली तिच्यावर परीक्षण लिहिले होते आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्यांची कादंबरी आली. त्या क्रमाने वाचले, तर काय घेतले गेले आणि काय नव्याने घडले, यावर वर्गात खूप बोलता येईल.