बाबांच्या डीटीपीच्या पेंटियम ४ वर आयआरसी चॅट सुरू केलं, माझा अनुभव

आमच्या बाबांचा सांगलीत खणभागात डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचा, छोटा व्यवसाय होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका असली कामं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली पण कॉम्प्युटर त्यांनी कुणाला हलवू दिला नाही. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची जुनी चपटी केबलवाली आयडीई हार्डडिस्क, त्यात विंडोज एक्सपी, पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी, आणि पुढे टीव्हीएस गोल्डचा तो खटखट वाजणारा कीबोर्ड. डीटीपीवाल्यांना तो कीबोर्ड सांगायची गरज नाही.

आता मुद्दा असा की बाबा मराठी टाइपरायटर लेआउटवर खाली न बघता टाइप करतात, वयाच्या सत्तरीतसुद्धा स्पीड तसाच, पण मोबाईलवर त्यांना टाइप करायला सांगितलं की त्यांचा जीव कासावीस होतो. पुण्यात आमचे काका आहेत, ते पण याच धंद्यातले, छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात केलेले कंपोझिटर. दोघांना बोलायला इतके विषय आहेत आणि व्हॉट्सॲपवर चाललेलं काय तर काकांनी चार ओळी पाठवायच्या आणि बाबांनी अंगठा पाठवायचा. फोनवर काकांना आता नीट ऐकू येत नाही त्यामुळे लिहिणं हाच मार्ग. म्हटलं बाबांना त्यांच्याच कीबोर्डवर चॅट लावून द्यायचं, नवीन लॅपटॉप न घेता, याच मशीनवर.

सगळ्यात आधी व्हॉट्सॲप वेबचा विचार आला आणि लगेच गेला. एक्सपीवर क्रोमचे अपडेट २०१६ मध्येच थांबलेत, फायरफॉक्सचे २०१८ मध्ये, आणि खुद्द एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, एक्सपी असलेलं मशीन नेटला जोडायचंच नाही हे मी आधीच ठरवलं होतं. लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून आजचा ब्राउझर लावला तरी ५१२ एमबीत एक टॅब उघडताना हार्डडिस्क दळण दळत बसते. त्या काळात या मशीनवर जे चॅट चालायचं ते सगळं आता बंद, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला गेला, आयसीक्यू एवढं टिकून शेवटी २६ जून २०२४ ला बंद झालं. उरलं काय तर आयआरसी (इंटरनेट रिले चॅट, नुसत्या मजकुरातून गप्पा मारायची पद्धत), जे या सगळ्यांपेक्षा जुनं. फिनलंडमधल्या औलू युनिव्हर्सिटीत यार्को ओइकारिनेनने ते १९८८ च्या ऑगस्टमध्ये लिहिलं आणि ते आजही चालू आहे, कारण ते कुठल्या एका कंपनीचं नाहीच. नियम १९९३ पासून उघड छापलेले आहेत, कुणीही सर्व्हर लावा, कुणीही त्याला जोडणारा प्रोग्राम लिहा. एका कंपनीने शटर खाली ओढलं म्हणून चॅट गेलं असं इथे होत नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि बाबांना सांगितल्यावर त्यांनाही पटली.

मग मशीन उघडलं. धूळ ब्लोअरने काढली, मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेत का पाहिले, सुदैवाने नव्हते. चालू केलं तर नुसत्या लांब बीप, स्क्रीन काळा. आपल्याकडे हा रॅमचा आवाज सगळ्यांना पाठ असतो, रॅम काढून तिच्या सोनेरी पिना खोडरबरने घासल्या, स्लॉटमधे ब्रश फिरवला, परत बसवली आणि मशीन उठलं. बाबा शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे, ती एक्सपीची डिस्क पुसू नकोस हं, त्यात माझ्या सगळ्या पत्रिका आहेत." ती डिस्क मी काढून फोममधे गुंडाळून कपाटात ठेवली आणि जुन्या बाजारातून आणलेली दुसरी आयडीई डिस्क लावली. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांना एवढंच सांगेन की जुनी डिस्क बाजूला ठेवूनच काम करा, वीस वर्षांच्या डिस्कवर प्रयोग करू नका.

लिनक्स निवडताना एक अडचण आहे. पेंटियम ४ चे बहुतेक जुने प्रोसेसर ३२ बिट आहेत आणि मोठ्या लिनक्सवाल्यांनी ३२ बिट हळूहळू सोडून दिलंय, डेबियनने सुद्धा ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत त्याचा इन्स्टॉलर काढला. मी अँटीएक्स २३ घेतलं, ते डेबियन १२ वर आधारलेलं आहे आणि खास जुन्या मशीनसाठीच बनवतात. त्याची कोअर नावाची लहान आवृत्ती साध्या ७०० एमबीच्या सीडीत मावते, आणि हे महत्त्वाचं कारण या मशीनचा बायोस (चालू करताच सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून बूटच करत नाही. सीडी ड्राइव्ह चालू होता, काम झालं. नेटसाठी राउटरपासून थेट लॅन केबल ओढली.

कोअरमधे नुसती काळी स्क्रीन मिळते, खिडक्या वगैरे काही नाही. त्यावर आधी आयआरएसएसआय टाकलं, हा टेक्स्टमधला आयआरसी प्रोग्राम १९९९ पासून आहे आणि रॅम इतकी कमी खातो की या मशीनला ते जाणवत पण नाही. लिबेरा चॅट नावाचं नेटवर्क निवडलं (हे मे २०२१ मध्ये सुरू झालं, फ्रीनोड या जुन्या नेटवर्कचे स्वयंसेवक तिथून बाहेर पडले तेव्हा), पत्ता आयआरसी डॉट लिबेरा डॉट चॅट, पोर्ट ६६९७ म्हणजे एन्क्रिप्शनवालं. साधं ६६६७ पण असतं पण पासवर्ड उघडा जातो म्हणून ते नको. एंटर मारलं आणि कनेक्शन तुटलं. परत मारलं, परत तुटलं. एरर वाचली तर सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याच्या ओळखीचा डिजिटल दाखला) अजून वैध झालेलं नाही.

अजून झालेलं नाही म्हणजे काय? तारीख बघितली तर मशीनच्या मते २००३ सालचा जानेवारी चालू होता! मदरबोर्डवरचा बटण सेल मेलेला, त्यामुळे लाइट गेली की घड्याळ मूळपदावर. आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट थोड्या मुदतीचं असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, २००३ मधे बसलेल्या मशीनला ते भविष्यातलं वाटणार आणि ते नाकारणार, त्याचं बरोबरच आहे. घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला, जुना पिनेने उचकटून नवा बसवला, बायोसमधे तारीख वेळ भरली, लिनक्समधे टाइमझोन कोलकाता केला, आणि पहिल्याच फटक्यात कनेक्ट. जुन्या कॉम्प्युटरवर कुठलीही सुरक्षित साइट किंवा चॅट जोडत नसेल तर आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर.

पुढची पायरी निकनेम, म्हणजे चॅटमधलं आपलं नाव, थोडक्यात निक. निक रोमन अक्षरातच घ्यावा लागतो, देवनागरी चालत नाही. निकसर्व्ह नावाच्या सेवेला मेसेज करून रजिस्टर, पासवर्ड, ईमेल दिला की मेलवर कोड येतो तो परत टाकायचा, झालं. मग आमच्या तिघांसाठी एक चॅनल, म्हणजे गप्पांची खोली, केलं. लिबेरावर घरगुती चॅनलच्या नावाला पुढे दोन हॅश लावतात. ते चॅनलांची नोंद ठेवणाऱ्या चॅनसर्व्हकडे रजिस्टर केलं, यादीत दिसू नये म्हणून सीक्रेट केलं आणि आत यायला एक परवलीचा शब्द ठेवला. अर्थात सर्व्हर चालवणाऱ्यांपासून ते लपत नाही, त्यामुळे बँकेचं वगैरे काही तिथे लिहायचं नाही हे दोघांना सांगून ठेवलंय.

काकांना काहीच इन्स्टॉल करायला लावलं नाही, त्यांच्या मोबाईलच्या ब्राउझरमधेच लिबेराचं वेब चॅट उघडून दिलं. त्यांनी "दादा आहेस का" असं लिहिलं आणि आमच्या स्क्रीनवर नुसते चौकोन आले.

इथे खरी मेहनत लागली. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर एकावेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची तर त्यात सोयच नाही, म्हणजे कितीही फाँट टाका मराठी नीट दिसणारच नाही. मग खिडक्या दाखवणारं एक्स टाकलं, त्यावर त्या खिडक्या सांभाळणारा हलका आइसडब्ल्यूएम, आणि लोहित देवनागरी फाँट. एक्सटर्म नावाच्या टेक्स्टच्या खिडकीत आयआरएसएसआय उघडलं, अक्षरं आली पण ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसलेला आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी. ते बघून बाबा अस्वस्थच झाले, "हे असं प्रूफ मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असं वाचायला देणं योग्य नाही. शेवटी आयआरएसएसआय सोडून हेक्सचॅट हा खिडकीवाला आयआरसी प्रोग्राम घेतला, त्याच्या खाली पँगो नावाची अक्षरं मांडणारी लायब्ररी आहे जी जोडाक्षरं व्यवस्थित जुळवते. 'सांगलीकर', 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'किर्लोस्करवाडी' सगळं टाइप करून बघितलं, एकदम स्वच्छ. हेक्सचॅटची नवी आवृत्ती आता येणार नाही, शेवटची फेब्रुवारी २०२४ ची, पण डेबियन १२ च्या भांडारात ते आहे आणि आमचं काम त्यात भागतं.

राहिलं टायपिंग. श्रीलिपीतलं लिखाण इथे चालत नाही, कारण ते युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नाही, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, ते चॅटमधे पेस्ट केलं की समोरच्याला चित्रविचित्र चिन्हं दिसतात. बाबांची बोटं तर टाइपरायटरच्याच जागा शोधणार. आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन हे कीबोर्ड लेआउटचं पॅकेज टाकलं तर मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन आणि टाइपरायटर असं सगळं निघालं! मी लावून दिलं आणि खुर्ची सोडली. बाबांनी दोन ओळी हळू मारल्या, दोन-चार चिन्हांच्या जागा वेगळ्या निघाल्या त्या कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या, आणि तिसऱ्या ओळीपासून तो खटखट आवाज परत सुरू झाला. काका तिकडून लिहितायत "अरे जरा थांब, वाचू दे मला".

एक मर्यादा मात्र आहे. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटचा, त्यात निक, चॅनलचं नाव वगैरे पण आलं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, नुसता 'नमस्कार' २१ बाइटचा. म्हणजे इंग्रजीत चारशेच्या आसपास अक्षरं जातात तिथे मराठीत सव्वाशे-दीडशेवर ओळ तुटून उरलेलं पुढच्या मेसेजमधे जातं. बाबा लांब वाक्य लिहिणारे, आता पूर्णविरामाला एंटर मारायची सवय लागलीय त्यांना.

दुसरं म्हणजे तुम्ही जोडलेले नसताना कुणी चॅनलवर लिहिलं तर ते तुम्हाला नंतर मिळत नाही. त्यावर मेमोसर्व्ह आहे, रजिस्टर निकला निरोप ठेवता येतो आणि पुढच्या वेळी जोडलं की तो समोर येतो. काकांना ते रजिस्ट्रेशनचं काम मी फोनवर स्क्रीनशॉट पाठवत करून दिलं. आता रात्री जेवणं झाली की नऊला दोघं बसतात. परवा खिळ्यांच्या काळातल्या एका छापखान्याचा विषय निघाला, कुठल्या केसमधे (खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत) कुठलं जोडाक्षर असायचं यावर तासभर चाललं होतं, मी बाहेरच्या खोलीतून फक्त कीबोर्ड ऐकत होतो. सगळं लॉगमधे सेव्ह होतंय, हेक्सचॅटच्या सेटिंगमधे ते चालू करून ठेवलंय, कारण यातलं बरंच कुठे लिहिलेलं सापडणार नाही.

लाइट गेली की मशीन बंद पडतं, यूपीएस अजून घेतलेला नाही. परत आल्यावर जोडलं तर बाबांचा निक घेतलेला दाखवतो, कारण सर्व्हरच्या लेखी जुनं कनेक्शन थोडा वेळ जिवंतच असतं. तेव्हा निकसर्व्हला रिगेन म्हणून सांगितलं की जुनं काढून निक परत मिळतो. ती कमांड पण त्याच मॉनिटरवरच्या कागदावर खाली लिहून दिलीय, बाबा आता मला हाक न मारता करतात.