रायबंदरची पेज

सावंतवाडीहून जुन्या गोव्याच्या पदयात्रेला निघताना पाय माझे होते, बांद्यानंतर ते कुणा भलत्याचेच झाले. पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, सगळं एकात एक मिसळून गेलंय. लख्ख आठवतो तो टेम्पोवरचा भोंगा. आमच्या एका काकांना रोजरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, सूर दर दहा मण्यांनी वर चढवायची हौस! पर्वरीच्या चढावर तर 'नमान मोरिये' म्हणता म्हणता त्यांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावा, असंच मनात येत होतं. नोव्हेनाचे, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दिवस, आणि मनात हे असलं.

पणजी सोडली की रायबंदरचा कॉजवे लागतो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीनेक किलोमीटरचा. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, सावली नावाला नाही. तिथेच टाचेचा फोड फुटला. मोजा आधी ओला झाला, मग चिकटून कडक. पाऊल टाकलं की सोलल्यासारखं व्हायचं. गायचं सोडा, मला सायबाचं, संत फ्रान्सिस झेवियरचं, नावही घेववेना.

रायबंदरला नदीकाठचं १६व्या शतकातलं चर्च दिसलं आणि मी समोर आलेल्या पहिल्याच घराच्या पायरीवर बसकण मारली. आतून एक म्हातारी आली. माझ्याकडे नाही, पायाकडे बघितलं.

"बस गो बाय, पांय दाखय."

मिठाचं कोमट पाणी घमेल्यात ओतलं. मोजा ओढला नाही. भिजू दिला, मग शिवणाच्या कात्रीने कडेकडेने कापला. हात थरथरत होते, कात्री मात्र कातडीला लागली नाही. जुन्या सुती कापडाची पट्टी बांधून आत गेली ती पेज आणि मिठातली कैरी घेऊनच आली. आयुष्यात इतकी चवदार पेज प्यायले नाही. की भूकच तेवढी होती?

भोंगा पुढे निघून गेला होता. काका मात्र माझी पिशवी धरून उन्हात उभे, एक शब्द न बोलता. त्यांनाही वाटी मिळाली.

निघताना म्हातारीने हातात नाणं ठेवलं. गुडघे आता जुन्या गोव्यापर्यंत नेत नाहीत. पोरगा बोटीवर असतो, त्याच्या नावाची मेणबत्ती लाव म्हणाली.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चला पोचलो तेव्हा मिस्सा, तिथली उपासना, अर्धी झालेली, गर्दीत धड उभंही राहता येईना. आधी तिची लावली, मग माझी. तिसरीसाठी काकांनी माझ्याकडेच सुट्टे मागितले.